वाचकांचे प्रश्न : पावसाळा काढेल असा ट्रॅप कॅमेरा

समोरून प्राणी गेला की आपोआप छायाचित्र टिपणारा, झाडाला किंवा खांबाला बांधून ठेवायचा ट्रॅप कॅमेरा आता केवळ वनविभागाकडे किंवा संशोधकांकडेच असतो असे राहिलेले नाही. नाशिक जिल्ह्यातून या सदराकडे आलेल्या पत्रांत शाळा, शेतकरी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या सर्वांनी त्याविषयी विचारले आहे आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे : कॅमेरा टिकत नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : निफाड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. कादवा नदीच्या काठी कोणकोणते प्राणी येतात याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी, म्हणून आम्ही ऑनलाइन एक कॅमेरा मागवला होता. त्यावर ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘४८ मेगापिक्सेल’ असे छापलेले होते. पहिल्याच पावसाळ्यात तो बंद पडला. उघडून पाहिले तर पाणी दिसले नाही, पण सेलच्या स्प्रिंगा हिरवट पडल्या होत्या आणि काचेवर आतून धुके धरले होते. आता पालकांच्या वर्गणीतून नवा कॅमेरा घ्यायचा आहे. तो चार-पाच वर्षे टिकावा यासाठी काय पाहावे?

उत्तर : आपण लिहिलेल्या दोन खुणांवरून कारण बऱ्यापैकी स्पष्ट होते. कॅमेऱ्यात पावसाचे पाणी गेलेले नाही, दमट हवा गेली आहे. दिवसा कॅमेरा तापला की आतली हवा प्रसरण पावून बारीक फटींतून थोडी बाहेर पडते. रात्री तो गार झाला की तेवढीच हवा बाहेरून आत ओढली जाते आणि पावसाळ्यात ती बाष्पाने भरलेली असते. हे बाष्प थंड काचेवर आणि धातूच्या पट्ट्यांवर साचते. दोन-तीन महिने रोज हे घडत राहिले, तर एकही थेंब आत न जाता कॅमेरा निकामी होऊ शकतो. स्प्रिंगांवरचा हिरवट थर हा बहुधा या ओलाव्याचा आणि अल्कलाइन सेलमधून झिरपलेल्या क्षाराचा एकत्रित परिणाम असावा. तेव्हा जुना कॅमेरा लगेच टाकून देऊ नका. सेल काढून, कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून त्या स्प्रिंगा पुसा, मग स्वच्छ ओल्या काडीने पुसून घ्या आणि पूर्ण वाळल्यावर नवे सेल घालून पाहा. पुष्कळदा एवढ्याने कॅमेरा पुन्हा चालू होतो.

नवा घेताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाकडे दुर्लक्ष करावे, कारण त्यामागे कोणतेही निश्चित माप नसते. पाहायची ती आयपी श्रेणी. तिच्या दोन अंकांपैकी पहिला धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. आयपी ५४ म्हणजे थोडी धूळ आत जाऊ शकते आणि पाण्याच्या शिंतोड्यांपुरतेच संरक्षण आहे. आयपी ६६ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि जोराच्या झोतापासूनही संरक्षण. आयपी ६७ असलेली वस्तू एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरते. आपल्याकडे बाहेर टांगायच्या कॅमेऱ्यासाठी ६६च्या खालची श्रेणी घेऊ नये, असे माझे मत आहे. मात्र ही चाचणी कोऱ्या कॅमेऱ्यावर, नव्या रबरावर झालेली असते. उन्हाने आणि वयाने दाराभोवतीची रबरी पट्टी कडक होते, चपटते, आणि मग छापलेल्या श्रेणीला अर्थ उरत नाही. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारावा की ही पट्टी सुटी मिळते का आणि ती घरी बदलता येते का. जो कॅमेरा केवळ पट्टी न मिळाल्याने मोडीत काढावा लागतो, तो कितीही मजबूत दिसला तरी टिकाऊ म्हणता येणार नाही.

कॅमेरा हाती आल्यावर, तो परत करण्याची मुदत संपण्याआधी, दोन चाचण्या घरीच कराव्यात. वहीच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापून ती दारात धरावी, दार खटक्याने बंद करावे आणि पट्टी ओढून पाहावी. अशी ती चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीजवळ आणि खटक्याच्या उलट कोपऱ्यात, फिरवून ओढावी. पट्टी जिथे सहज निसटते तिथे रबर नीट दाबले जात नाही आणि दमट हवेचा रस्ता तोच. दुसऱ्या चाचणीत सेल व कार्ड काढून आत कोरडा टिपकागद ठेवावा, दार लावावे आणि कॅमेरा उभा बांधून नळीच्या पाण्याखाली तासभर ठेवावा. नंतर बाहेरून पूर्ण पुसून मगच उघडावा. टिपकागदाचा कोणता कोपरा ओला झाला आहे, यावरून गळती कुठे आहे तेही समजते. या दोन्ही चाचण्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील आणि निरीक्षण-वहीचे पहिले पान त्यांनीच भरेल.

यानंतरचा, आणि माझ्या मते रबराइतकाच महत्त्वाचा, विषय सेलचा. बहुतेक कॅमेऱ्यांना डबल-ए आकाराचे आठ सेल लागतात. अल्कलाइन सेल स्वस्त असतात, पण वापरता वापरता त्यांचा दाब १.५ व्होल्टवरून सतत उतरत जातो आणि संपलेले सेल आत राहिले तर ते झिरपतात. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात. आठ मिळून ९.६ व्होल्ट होतात आणि काही कॅमेऱ्यांना रात्रीच्या फ्लॅशसाठी ते कमी पडतात. म्हणून असे सेल चालतील असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेला कॅमेराच निवडावा. शाळेसाठी दीर्घकाळात तेच सर्वांत स्वस्त पडतात. फक्त साठवलेला भार टिकवून धरणाऱ्या प्रकारचे, दोन संच घ्यावेत, म्हणजे एक कॅमेऱ्यात असताना दुसरा चार्ज करता येतो. एकदाच वापरायचे लिथियम डबल-ए सेल महाग असतात, पण थंडीत ते दगा देत नाहीत आणि सहसा झिरपत नाहीत. निफाडला हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या खाली जातो. त्या पहाटे अल्कलाइन सेल मान टाकतात. दिवसाची छायाचित्रे व्यवस्थित आणि रात्रीची मात्र आठवड्यागणिक काळोखी होत चालली, तर कॅमेऱ्याला दोष न देता आधी सेल तपासावेत, कारण उतरलेल्या सेलचा पहिला फटका फ्लॅशला बसतो. जुने-नवे किंवा दोन प्रकारचे सेल एकत्र घालू नयेत आणि कॅमेरा कपाटात ठेवताना सेल काढूनच ठेवावा.

‘४८ मेगापिक्सेल’चा मोह सोडून द्यावा. स्वस्त कॅमेऱ्यांतील प्रत्यक्ष सेन्सर पुष्कळदा याच्या काही अंशच असतो आणि उरलेले ठिपके आज्ञावलीने भरलेले असतात. त्याने फाइल फुगते, प्राणी अधिक स्पष्ट होत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात : चाहूल लागल्यापासून छायाचित्र निघेपर्यंत किती वेळ जातो, एका छायाचित्रानंतर पुढच्यासाठी कॅमेरा किती वेळात सज्ज होतो, आणि रात्री किती अंतरावरचा प्राणी ओळखता येतो. पहिला वेळ अर्ध्या सेकंदाहून अधिक असेल, तर वाटेने झपाझप जाणाऱ्या कोल्ह्याची फक्त शेपटी मिळेल. मेमरी कार्डाचीही मर्यादा पाहावी. पुष्कळ कॅमेरे ३२ जीबीपर्यंतचेच कार्ड स्वीकारतात आणि शाळेच्या कामाला ते पुरते.

कंपन्यांची नावे आपण विचारली नाहीत, तरी ती इतर पत्रांत आहेत म्हणून थोडक्यात लिहितो. भारतातील व्याघ्रगणनेत कडीबॅक कंपनीचे कॅमेरे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आहेत आणि त्यांच्या काही प्रकारांत फ्लॅशचा भाग बदलता येतो, ही मोठी सोय आहे. रिकॉनिक्सचे कॅमेरे संशोधकांच्या पसंतीचे आणि बांधणीने उत्तम असतात, मात्र किंमत शाळेच्या वर्गणीत बसणे अवघड. ब्राउनिंग आणि बुशनेल यांचे मधल्या किमतीतील कॅमेरे आपल्या कामाला पुरेसे आहेत. कोणताही घेतलात तरी भारतात दुरुस्ती होते का आणि हमीपत्र भारतातील खरेदीला लागू आहे का, हे लेखी घ्यावे. परदेशातून कुणाकरवी आणलेल्या कॅमेऱ्याची हमी बहुधा तिकडेच राहते.

घेतल्यानंतरचा टिकाऊपणा आपल्या हातात असतो. पावसाळ्यात कार्ड बदलायला कॅमेरा जागेवर उघडला की सभोवतालची दमट हवा आत भरली जाते आणि दार लावल्यावर ती तिथेच कोंडते. शक्य असेल तेव्हा पाऊस उघडलेल्या दुपारी, कोरड्या हाताने, पटकन काम उरकावे आणि प्रत्येक वेळी आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवावी. रंग बदलणारी पुडी घेतली तर ती कधी वाळवायची ते कळते. पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनचा तुकडा कापून कॅमेऱ्यावर पुढे आलेली झड करावी, फक्त ती भिंग आणि सेन्सरच्या समोर येऊ देऊ नये. मुंग्यांकडे विशेष लक्ष द्यावे. तळाच्या बारीक छिद्रांतून त्या आत शिरतात, अंड्यांसकट मुक्काम ठोकतात आणि त्यांनी साठवलेल्या मातीने ओल धरून राहते. पट्ट्यावर आणि खोडावर महिन्यातून एकदा नजर टाकली तर मुंग्या आणि वाळवी दोन्ही वेळीच दिसतात.

प्रश्न : येवला तालुक्याच्या पूर्वेला, ममदापूर परिसरात आम्ही काही मित्र काळवीट, लांडगा आणि खोकड यांच्या नोंदी ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत कॅमेऱ्यात हजारो रिकामी छायाचित्रे निघतात आणि दुपारी समोरून गेलेला कळप मात्र सुटतो. सेन्सर बिघडला असे समजावे का?

उत्तर : सेन्सर बिघडलेला नसावा, त्याच्या कामाची रीत समजून घेतली की उलगडा होईल. ट्रॅप कॅमेऱ्यातील पीआयआर सेन्सर हालचाल पाहत नाही, तो उष्णतेतील फरक पाहतो. समोरच्या जागेचे तो काही पट्ट्यांत विभाजन करतो आणि आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेली की त्याला चाहूल लागते. हिवाळ्यातील रात्री जमीन गार आणि प्राण्याचे अंग उबदार असते, त्यामुळे चाहूल लांबूनही लागते. मे महिन्यात हवाच चाळिशी पार करते, दुपारी जमीन त्याहून तापलेली असते, आणि काळविटाच्या अंगाचा पृष्ठभाग व मागची माती यांच्यात पुरेसा फरकच उरत नाही. कळप समोरून जातो आणि सेन्सरला तो जाणवत नाही. याउलट तापलेली गवताची काडी वाऱ्याने हलली तरी तिचा फरक त्याला दिसतो आणि रिकामे छायाचित्र निघते. साप, घोरपड यांसारखे प्राणी याच कारणाने ट्रॅप कॅमेऱ्यात क्वचित मिळतात.

यावर उपाय म्हणजे अधिक किमतीचा कॅमेरा नव्हे, तर मांडणी. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवावे, म्हणजे उगवतीचे किंवा मावळतीचे ऊन थेट सेन्सरवर येत नाही. समोरचे चार-पाच मीटरपर्यंतचे गवत खुडून घ्यावे. प्राणी कॅमेऱ्याच्या दिशेने सरळ चालत आला, तर तो एकाच पट्टीत राहतो आणि उशिरा टिपला जातो. आडवा गेला तर लगेच. म्हणून पायवाटेच्या अगदी समोर कॅमेरा न रोवता वाटेच्या बाजूने, थोडा तिरपा लावावा. उन्हाळ्यात संवेदनशीलता ‘उच्च’वर ठेवावी, हिवाळ्यात ‘मध्यम’वर आणावी, काही कॅमेरे हा बदल तापमानानुसार आपोआप करतात आणि आपल्या भागासाठी ही सोय पैसे मोजून घेण्याजोगी आहे. ज्या कॅमेऱ्यात ठरावीक वेळेने आपोआप छायाचित्र घेण्याची सोय असते, त्यात दुपारी ११ ते ४ या वेळेत दर पाच मिनिटांनी एक छायाचित्र लावून ठेवावे. मोकळ्या माळावर लांबचा कळप त्यात हमखास दिसतो.

लावल्या दिवशीच चालून पाहणे विसरू नये. कॅमेऱ्यापासून ५, १० आणि १५ मीटरवर चुन्याच्या रेघा आखाव्यात आणि प्रत्येक रेघेवरून आडवे, वाकून, खोकडाच्या उंचीचे होऊन जावे. एकदा हे पहाटे करावे आणि एकदा भर दुपारी. दोन्ही वेळच्या निकालातील तफावत पाहिली की आपल्या कॅमेऱ्याची मे महिन्यातली खरी मर्यादा कळते आणि मग नोंदवहीत ‘प्राणी आला नाही’ आणि ‘प्राणी टिपला गेला नाही’ यांत गल्लत होत नाही.

रिकाम्या छायाचित्रांनी खचून जाऊ नये, असेही सांगावेसे वाटते. २०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. त्यांपैकी वाघाची ७६,६५१ आणि बिबट्याची ५१,७७७ होती, म्हणजे दोन्ही मिळून हजारात चारही नाहीत. उरलेला ढीग पाहणे हा या कामाचाच भाग आहे. माळावरील कॅमेऱ्यासाठी सावलीही पाहावी : उघड्या खांबावर दिवसभर तापणाऱ्या डब्यात चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि कापडी पट्टाही दोन उन्हाळ्यांत विरतो. बाभळीच्या सावलीत कॅमेरा लावता आला, तर दोन्ही वाचतील.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे आणि शेजारी ऊस आहे. रात्री वीज असते तेव्हाच पाणी द्यायला जावे लागते. बागेत बिबट्याचा वावर आहे. सिमकार्ड घालून मोबाइलवर लगेच फोटो पाठवणारा कॅमेरा घेतला, तर सुरक्षितपणे जाता येईल का? तो कसा निवडावा?

उत्तर : आधी सुरक्षिततेविषयी, कारण ते कॅमेऱ्याच्या निवडीपेक्षा मोठे आहे. कॅमेरा त्याच्या समोरचा एक अरुंद त्रिकोणी पट्टा तेवढा पाहतो. फोटो आला तर बिबट्या तिथून गेला हे खरे. पण फोटो आला नाही, याचा अर्थ बागेत बिबट्या नाही असा मुळीच होत नाही. तो दुसऱ्या बांधाने आलेला असू शकतो, चाहूल सुटलेली असू शकते किंवा नेटवर्क गेल्याने फोटो अडकून पडलेला असू शकतो. तेव्हा कॅमेरा असला तरी रात्री एकट्याने जाऊ नये, हातात जोराचा टॉर्च असावा, बोलत किंवा मोबाइलवर आवाज लावून चालावे आणि उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करणे टाळावे. बिबट्या सतत दिसत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग वेगळा आहे. प्राणी कोणत्या बांधाने, कोणत्या वेळी येतो, एकटा आहे की मादीसोबत पिल्ले आहेत, आणि मुळात तो बिबट्याच आहे की तरस, हे आठवड्याभरात कळते. पायाच्या ठशांवरून आणि घाबरलेल्या सांगण्यावरून पुष्कळदा घोळ होतो. तारीख-वेळेसह मूळ फाइल वनरक्षकाला दाखवली तर पुढचा निर्णय पक्क्या माहितीवर होतो. मात्र तोच फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. त्याने गर्दी जमते, लोक काठ्या घेऊन उसात शिरतात, आणि शांतपणे निघून गेला असता असा प्राणी कोंडीत सापडून हल्ला करतो. माझी ही विनंती आहे आणि ती मनापासून आहे.

आता निवड. सिमचा कॅमेरा ४जी असावाच. जिओचे जाळे २जी किंवा ३जीवर चालत नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीचा स्वस्त कॅमेरा जिओच्या सिमवर निरुपयोगी ठरतो. अमेरिकेसाठी बनलेले पुष्कळ कॅमेरे तिथल्या मोबाइल कंपन्यांच्या लहरींना आणि मासिक वर्गणीला बांधलेले असतात, म्हणून ‘भारतातील सिमवर चालते’ हे विकणाऱ्याने आपल्याच सिमवर दाखवून द्यावे. ते दाखवताना दुकानात नव्हे, तर बागेत कॅमेरा जिथे लागणार त्याच बांधावर मोबाइलला नेटवर्क किती मिळते हे आपण आधी पाहून ठेवावे. ‘वायफाय कॅमेरा’ या नावाने विकला जाणारा प्रकार वेगळा. तो दहा-पंधरा मीटरवरून मोबाइलला जोडता येतो इतकेच, तो घरी फोटो पाठवत नाही. फोटो पाठवण्यात बॅटरी फार खर्च होते, त्यामुळे सौर पॅनल जोडता येईल असाच कॅमेरा घ्यावा.

द्राक्षबागेत एक अडचण अशी आहे की जी कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. बागेच्या अँगलला कॅमेरा बांधणे सोपे वाटते, पण त्याच अँगलला ताणलेल्या तारांवर वेलींचा भार असतो आणि वारा सुटला की सगळा मांडव हलतो. कॅमेराही त्यासोबत हलतो आणि रात्रभर पानांचे फोटो येत राहतात. त्यासाठी मांडवापासून सुटा, स्वतंत्र खांब रोवावा. दुसरे फवारणीचे. बोर्डो मिश्रणाचा निळसर आणि गंधकाचा पिवळसर थर भिंगावर व सेन्सरच्या पांढरट पडद्यावर बसतो, वाळतो, आणि कॅमेरा हळूहळू आंधळा होतो. फवारणीच्या दिवशी कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी घालावी आणि काम संपताच आठवणीने काढावी. थर बसलाच तर साध्या पाण्याने भिजवलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसावा. सेन्सरचा पडदा पातळ प्लास्टिकचा असतो, त्यावर नख किंवा साबणाची घासणी चालवू नये. आणि कुणी काचेच्या पेटीत कॅमेरा ठेवण्याचे सुचवले तर ऐकू नये, कारण साधी काच प्राण्याच्या अंगाची उष्णता पलीकडे जाऊ देत नाही आणि सेन्सर तिच्यामागे काम करत नाही.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी असून इगतपुरीच्या घाटमाथ्यावर बिबट्यांची संख्या जाणून घेण्यासाठी छोटा प्रकल्प करायचा आहे. एक महागडा कॅमेरा घ्यावा की दोन साधे? फ्लॅश पांढरा असावा की अदृश्य? परवानगी लागते का?

उत्तर : दोन घ्यावेत. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते, पण डावी आणि उजवी बाजूही एकमेकींसारखी नसते. एकाच बाजूची छायाचित्रे मिळाली, तर दोन छायाचित्रांत दिसणारा प्राणी एकच की दोन, हे ठरवता येत नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर पण एकमेकांचा फ्लॅश भिंगात येणार नाही इतपत सरकवून, वाटेपासून तीन-चार मीटरवर आणि जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीवर कॅमेरे लावतात. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रति चौरस किलोमीटर ३००हून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या भागात, १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसे वावरतात, हे त्यातून पुढे आले. प्रकल्प सुरू करण्याआधी तो आपण जरूर वाचावा.

फ्लॅशबाबत आपल्या कामाला पांढरा फ्लॅश सरस. त्याने रंग येतो आणि चालत्या प्राण्याचे ठिपके रेखीव उमटतात. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातील छायाचित्र कृष्णधवल असते आणि हालचालीने पुसट होते. मात्र पांढरा फ्लॅश माणसांनाही दिसतो आणि कॅमेरा चोरीला जाण्याचा धोका वाढतो. अवरक्त फ्लॅशमध्ये ८५० नॅनोमीटरचा दिवा लांबवर पोचतो, पण त्याचा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा माणसाला दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी. गुरे चारणाऱ्यांच्या, लाकूडफाटा आणणाऱ्यांच्या वाटेवर कॅमेरा लावायचा असेल तर लोखंडी पेटी आणि जाड तारेचे कुलूप घ्यावेच, पण त्याआधी त्या वाडीत जाऊन काय करत आहात ते सांगावे आणि कॅमेऱ्याखाली आपला संपर्क लिहिलेली मराठी चिठ्ठी लावावी. वाटेवरच्या माणसांची छायाचित्रे निघतातच. ती कुणाला न दाखवता पुसून टाकावीत, हे सांगितले की लोकांचा विश्वास बसतो, आणि कुलपापेक्षा तोच अधिक उपयोगी पडतो.

हा प्रकल्प पावसाळ्यात करू नये. इगतपुरी पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. धुक्यात फ्लॅशचा प्रकाश पाण्याच्या कणांवरून परत फिरतो आणि छायाचित्रात पांढऱ्या पडद्याखेरीज काही उरत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ धरावा.

परवानगी निश्चित लागते. वनजमिनीवर कॅमेरा लावण्यासाठी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज करावा; अभयारण्याच्या हद्दीत, उदाहरणार्थ कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, जायचे असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम २८नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आवश्यक आहे. खासगी शेतात मालकाची लेखी संमती घ्यावी आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवून ठेवावे. कॅमेऱ्यासमोर कोंबडी किंवा मांस ठेवून बिबट्याला बोलावण्याचा सल्ला आपल्याला कुणी ना कुणी देईल. तो मानू नये. या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राण्याला आमिष दाखवणेही येते आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिवाय आमिषाला आलेल्या प्राण्यांवरून काढलेली संख्या त्या भागाची खरी संख्या नसते, त्यामुळे आपल्या प्रकल्पाच्या दृष्टीनेही ती छायाचित्रे बाद धरावी लागतील. अर्जाला उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा ऑक्टोबरमध्ये सुरुवात करायची असेल तर अर्ज जुलैमध्येच द्यावा आणि त्यासोबत कॅमेऱ्यांची प्रस्तावित ठिकाणे दाखवणारा नकाशा जोडावा.